महिनाअखेरीला सेल्सची पोरं एकमेकांचं गिऱ्हाईक फोडतात, तेव्हा काय तपासायचं

मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. ‘दादा, पोरांचं परत पेटलंय. दोघांना केबिनमध्ये घेतलं, समजावलं, हातात हात दिले, चहा पाजला. चार दिवसांत पुन्हा तेच.’ मी विचारलं, तारीख काय होती? म्हणाला, २८. आणि मागच्या महिन्यात? जरा आठवून म्हणाला, २९. मग मी म्हटलं, स्वभाव काही तारीख बघून बिघडत नसतो. तू पोरांना सोड, आधी इन्सेंटिव्हचा कागद काढ.

त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहितोय. मी सांगली जिल्ह्यात दुचाकीच्या एजन्सीत सेल्स बघतो. फ्लोअरवर पाच जण, गावोगाव फिरायला तिघे आणि फोनवर एक मुलगी, एवढी आमची टीम. ट्रॅक्टर, विमा, मोबाइल, फर्निचर, जिथे गिऱ्हाईक एक आणि विकणारे चार असतात तिथे थोड्या फरकाने हेच चालू असतं. जिथे कमिशन नाही पण बढतीची खुर्ची एक आणि बघणारे तिघे, त्या ऑफिसांतही यातलं बरंचसं लागू पडेल.

त्रास आधी कुठे दिसतो

आवाज चढतो ती शेवटची पायरी. त्याच्या बरंच आधी एन्क्वायरी रजिस्टर बोलायला लागतं. आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या मोबाइल नंबरात एक आकडा चुकवून लिहायची पद्धत पडली होती. रजिस्टर उघडून दुसऱ्याने फोन केला तरी लागू नये म्हणून. खरा नंबर लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये. मला वाटायचं, पोरं घाईत लिहितात. एकदा सलग चाळीसेक नंबर लावून बघितले आणि डोकं धरून बसलो.

दुसरी खूण गिऱ्हाइकाच्या तोंडून कळते. इस्लामपूरकडचे एक मास्तर आले होते. पहिल्यांदा आले तेव्हा एका पोराने त्यांना तासभर गाडी दाखवली, टेस्ट राइड दिली, कोटेशन दिलं. पंधरा दिवसांनी ते मेव्हण्याला घेऊन आले तर तो पोरगा डिलिव्हरीला बाहेर गेलेला. त्यांनी विचारलं, मागच्या वेळचे ते सर कुठायत? समोरच्याने शांतपणे सांगितलं, ‘ते काम सोडून गेले.’ बुकिंग झालं, पावती फाटली, आणि तेवढ्यात ‘काम सोडून गेलेले’ सर हेल्मेट काखेत मारून दारातून आत आले. मास्तरांनी जे बघितलं ते आख्ख्या स्टाफरूमला सांगितलं असणार.

तिसरी खूण पैशात दिसते. एकाच शोरूममधले दोघे एकाच गिऱ्हाइकाला वेगवेगळे भाव देतात. एक सीट कव्हर फुकट म्हणतो, दुसरा त्यावर साइड गार्ड टाकतो. आपलं गिऱ्हाईक हुशार असतं, ते दोघांना समोरासमोर न आणता फोनवर खेळवतं. शेवटी मार्जिन जातं मालकाचं. पोरांची चुरस असली की धंदा वाढतो असं मानणाऱ्या मालकांना हा एक आकडा काढून दाखवावा: महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गाडीमागे सरासरी किती सूट गेली आणि शेवटच्या आठवड्यात किती. आमच्या मालकांनी बाकी काही ऐकून घेतलं नव्हतं, हा कागद बघितल्यावर खुर्ची पुढे ओढली.

आणि चौथी, उलटी खूण: ज्याचा महिना हातचा गेला तो ३० तारखेला आलेलं बुकिंग दाबून ठेवतो आणि १ तारखेला काढतो. गिऱ्हाईक बिचारं ‘गाडी स्टॉकला नाही’ ऐकून घरी जातं. गाडी मागे गोडाऊनला उभी असते.

इन्सेंटिव्हच्या कागदात कडा शोधा

बहुतेक भांडणं इथून निघतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आमचा जुना स्लॅब, म्हणजे किती गाड्यांना किती पैसे याचा तक्ता, असा होता, आकडे गोल करून सांगतो. सात गाड्यांपर्यंत काही नाही. आठ ते पंधरा झाल्या तर गाडीमागे २०० रुपये, पहिल्या गाडीपासून. सोळा किंवा जास्त झाल्या तर गाडीमागे ३५०, तेही पहिल्या गाडीपासून. वाचायला सरळ वाटतं. आता हिशेब करा. पंधरा गाड्यांचे ३,००० रुपये. सोळा गाड्यांचे ५,६००. म्हणजे सोळावी एकटी गाडी २,६०० रुपयांची! तसंच सातला शून्य आणि आठला १,६००. एका गाडीवर अशी एकदम उडी, तीच कडा.

आता २९ तारखेला संध्याकाळी ज्याच्या पंधरा झाल्यात तो पोरगा दाराकडे कसा बघत असेल? आत येणारा माणूस त्याला माणूस दिसतच नाही. त्याच्या घरात हप्ता असतो, पोराची फी असते. त्याच वेळी शेजारी सातवर अडकलेला दुसरा उभा असतो, त्याच्यासाठी तेच गिऱ्हाईक सोळाशेचं. या दोघांना ‘आपण एक कुटुंब आहोत’ हे सांगणारा मॅनेजर मी स्वतः होतो, म्हणून हसायचा हक्क मला आहे.

आम्ही कडा घासून उतार केला. पहिल्या गाडीपासून आठव्यापर्यंत २००, नवव्या ते पंधराव्या गाडीला प्रत्येकी ३००, सोळाव्यापासून पुढच्या प्रत्येक गाडीला ४००. नवा दर फक्त पुढच्या गाड्यांना, मागच्यांना नाही. आता सोळावी गाडी ४०० रुपयांची आहे, पंधरावी ३०० ची. शंभर रुपयांसाठी कोणी कुणाला ‘काम सोडून गेले’ म्हणत नाही.

मालकांची पहिली शंका अर्थातच खर्चाची. पाच जणांच्या २०, १६, १२, ९ आणि ६ गाड्या धरल्या तर जुन्या पद्धतीने १६,८०० जात होते, नव्याने १५,७०० जातात. मालक खूश. पण वरच्या दोघांचं नुकसान होतं आणि ते लपवू नका. वीसवाल्याचे ७,००० वरून ५,७०० होतात, सोळावाल्याचे ५,६०० वरून ४,१००. आमचा वीसवाला सगळ्यांत जुना, त्याच्या नावाने गिऱ्हाईक येतं. त्याला नव्या पोरांना शिकवायचे महिन्याला १,५०० ठरवून दिले. वाचलेले अकराशे आणि मालकांनी घातलेले चारशे. सोळावाला मात्र दोन महिने तोंड फुगवून होता. तिसऱ्या महिन्यात तो पंधरावर अडकला आणि जुन्या हिशेबाच्या तीन हजारांऐवजी ३,७०० हातात पडले, तेव्हा बोलायला लागला.

हे कधी जाहीर करायचं तेही महत्त्वाचं. महिन्याच्या मधे नको, आणि दसरा-पाडव्याच्या महिन्यात तर नकोच. पितृपक्षात फ्लोअर रिकामा असतो, गाडी कोणी घेत नाही, माश्या मारत बसलेली पोरं आकडेमोडीला वेळ देतात. आम्ही तेव्हाच मांडलं आणि प्रत्येकाला त्याच्या मागच्या सहा महिन्यांच्या गाड्या दोन्ही पद्धतींनी मांडून दिल्या. तोंडी सांगितलेला स्लॅब कोणालाच पटत नाही, आणि पटू नये.

गिऱ्हाईक कुणाचं, हे भांडणाच्या आधी लिहिलेलं आहे का?

बहुतेक शोरूममध्ये याचं उत्तर ‘मॅनेजर ठरवतो’ असं असतं. हे उत्तर नसून दुखणं आहे. मॅनेजरने आज एकाच्या बाजूने दिलं की दुसरा उद्याच्या निकालाची वाट बघतो, परवा दोघंही निकालापेक्षा मॅनेजरला खूश ठेवायच्या मागे लागतात.

आम्ही तीन नियम करून बघितले. पहिला: ज्याने रजिस्टरला आधी नाव घातलं त्याचं गिऱ्हाईक. आठवड्यात एन्क्वायऱ्या दुप्पट झाल्या! मी मालकांना अभिमानाने सांगितलं. नंतर कळलं की पोरं वर्कशॉपच्या जॉब कार्डांवरून नंबर उतरवून घेत होती. जो कोणी सर्व्हिसिंगला आला तो ‘नवीन गाडीत इच्छुक’. उद्या चुकून त्याने गाडी घेतलीच तर आधीच आपलं नाव लागलेलं बरं. मोजाल ते वाढतं, मग ते खरं असो वा खोटं. अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ गोष्टी मारायचा लकडा लावला होता, तेव्हा कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारताच लाखोंनी खाती उघडली. २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, तोपर्यंत बँकेने सुमारे ५,३०० माणसं काढली होती. आमची जॉब कार्डं त्याच जातीची, फक्त आकाराने लहान.

दुसरा नियम: बोलणारा आणि बुकिंग घेणारा, दोघांत अर्धंअर्धं. हा ऐकायला न्यायाचा, पण एखाद्याचं बोलणं पक्कं होत आलं की दुसरा सहज पाण्याचा ग्लास घेऊन टेबलाशी येऊन उभा राहायला लागला. ‘मी पण होतो की.’

तिसरा नियम अजून टिकून आहे. एन्क्वायरी तीस दिवस जिवंत. त्यात टेस्ट राइडची नोंद हवी आणि शेवटच्या दहा दिवसांत निदान एक फॉलो-अप लिहिलेला हवा. हे असेल आणि बुकिंग दुसऱ्याने घेतलं, तर मूळ माणसाला साठ टक्के, घेणाऱ्याला चाळीस. नसेल, तर बुकिंग घेणाऱ्याचं सगळं. टेस्ट राइडला गिऱ्हाइकाच्या लायसन्सचा फोटो काढावाच लागतो, त्यामुळे जॉब कार्डवरचा नंबर इथे चालत नाही. आणि चाळीस टक्के मिळतात म्हटल्यावर जो हजर आहे तो गिऱ्हाइकाला टाळत नाही, उलट गैरहजर माणसाला फोन लावून विचारतो, काय बोलणं झालंय? हे होईल असं मला वाटलं नव्हतं.

फटी याही नियमाला आहेत. दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक बायकोचा नंबर देतं, गाडी मुलाच्या नावावर घेतं. म्हणून आम्ही आता नंबराबरोबर गाव आणि आडनावही बघतो. तरीही महिन्यातून एखादं प्रकरण अडतं. तेव्हा मी चिठ्ठी टाकतो, खरोखरची, हेल्मेटमध्ये. पोरांना चिठ्ठीचा निकाल माझ्या निकालापेक्षा लवकर पचतो.

दारातून येणाऱ्यासाठी रिक्षा स्टँडचा नंबर

यावर फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. सकाळी ज्या क्रमाने पोरं आली त्या क्रमाने बोर्डवर नावं, आणि गिऱ्हाईक त्या क्रमाने. गिऱ्हाइकाने नाव घेऊन विचारलं तर ते त्याचं, नंबर कटत नाही. नंबर आला तेव्हा फोनवर किंवा टपरीवर असेल तर नंबर गेला. गिऱ्हाईक पार्किंगमध्येच गाठलं तर चालत नाही: एकजण गेटबाहेरच लोकांना गाठून ‘माझं नाव सांगा’ असं शिकवून आत पाठवायचा, त्याच्यासाठी हे वाक्य मुद्दाम नियमात घालावं लागलं. स्टँडवरचे रिक्षावाले हे सगळं आपल्या आधी शिकलेत, त्यांच्यात कुणी एमबीए नाही.

चूक तुमच्या मोबाइलमध्ये आहे का ते बघा

हा भाग लिहायला मला जड जातोय.

कंपनीच्या वेबसाइटवरून आलेल्या एन्क्वायऱ्या माझ्या मोबाइलवर येतात. मी त्या फॉरवर्ड करायचो. कुणाला? जो हमखास विकेल त्याला. मनात पाप नव्हतं, वरून कंपनीचा एरिया मॅनेजर विचारायचा की लीडचं, म्हणजे त्या एन्क्वायरीचं, काय झालं, मला उत्तर हवं असायचं. सहा महिने असं चाललं. फ्लोअरवरचं सगळ्यांत मोठं भांडण झालं त्या दिवशी एक नवा पोरगा रागात म्हणाला, ‘सर, त्याला तुमी घरबसल्या गिऱ्हाईक देताय, आनि आमाला म्हनताय मेहनत करा.’ मी त्याला गप्प केलं. रात्री फॉरवर्ड केलेले मेसेज मोजले. त्याचं म्हणणं खरं होतं. निम्म्याहून जास्त एकाच नावाला.

वर बसलेल्याने एखाद्याचं पारडं जड केलं की खालचे त्याच्याशी स्पर्धा करणं सोडतात, आणि त्याचं गिऱ्हाईक फोडणं त्यांना चोरी वाटेनासं होतं. हिशेब बरोबर करतोय असं वाटतं. आता त्या लीड नंबरानेच जातात, दोन तासांत फोन केला नाही तर पुढच्याला. विक्रीचा टक्का पहिले दोन महिने खाली आला होता, मालकांचं बोलणं मी खाल्लं. नंतर नवी पोरं शिकली.

फोनवरच्या मुलीचंही असंच. तिने जुनी रजिस्टरं काढून फोन लावायचे, माणसाला शोरूमपर्यंत आणायचं, आणि गाडी नावावर लागायची फ्लोअरच्या पोराच्या. ती कधी भांडली नाही. नुसते फोन कमी झाले. आता तिच्या फोनवरून आलेला माणूस शोरूममध्ये पोचला की तिला ठरावीक रक्कम मिळते, गाडी घेवो न घेवो. जे आवाज करत नाहीत त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं.

फील्डला एकच टार्गेट असेल तर मुळात शर्यतच खोटी

आमच्या तीन फिरत्या माणसांना तिघांनाही महिन्याला तेवढ्याच गाड्या लावल्या होत्या. एकाकडे वाळवा-पलूसचा ऊसपट्टा, दुसऱ्याकडे तासगाव, तिसऱ्याकडे आटपाडी आणि जतचा भाग. जिल्हा माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. उसाचं बिल गाळपाच्या हंगामात, दिवाळीनंतर पडायला लागतं. कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवं, पण कारखाने हप्ते पाडतात, आणि गाडीचं डाउन पेमेंट त्या हप्त्याला बांधलेलं असतं. तासगावकडे द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, बेदाण्याचे पैसे त्याच्याही नंतर. जतला पाऊस कमी, डाळिंब साधलं तर साधलं. म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचं पाणी पोचलंय तिथलं चित्र पालटतंय, पण गावागणिक वेगळं.

म्हणजे डिसेंबरात वाळव्याचा माणूस हिरो, जतचा माणूस आळशी. मीटिंगमध्ये पहिल्यासाठी टाळ्या, दुसऱ्याला ‘त्याच्याकडून शिका’. जतवाल्याने काय शिकायचं, ऊस लावायला? त्याने दुसरं काहीतरी शिकून घेतलं: पलूसमध्ये मेव्हण्याच्या दुकानात बसून तिथली गिऱ्हाइकं जतच्या पत्त्यावर दाखवायला लागला. पकडला तेव्हा चोर ठरला. टार्गेट लावणारा मी मात्र सुटलो.

आता प्रत्येकाचं टार्गेट त्याच भागाच्या मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यावर. जतच्या माणसाने मागच्या मार्चला चार विकल्या असतील आणि यंदा सहा, तर तो त्या महिन्याचा पहिला. वाळव्याचा तीसवरून अठ्ठावीसवर आला तर त्याने बोलायचं, का घसरलं. दसरा-दिवाळी पंचांगाप्रमाणे एखाद्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर, एखाद्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी पुढे-मागे होते, तेवढं सणांचं जुळवून घ्यावं लागतं. नाहीतर ऑक्टोबरचा सगळा हिशेब चुकतो.

भिंतीवरचा बोर्ड

क्रमाने नावं, शेवटचं नाव लाल शाईने. हा बोर्ड मी पाच वर्षं लावला आणि मला तो आवडायचा. त्याने काय होतं ते सांगतो. वरचे दोघे एकमेकांत लढतात, मधला एक जण निवांत असतो, खालचे दोघे महिन्याच्या बारा तारखेलाच हत्यार टाकतात. आणि वरचा माणूस खालच्याला कधीही मदत करत नाही, कारण खालचा वर चढला तर आपण घसरणार. एडवर्ड लाझिअर या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये हे गणित घालून मांडलं होतं: बक्षीस तुलनेवर असेल तर दुसऱ्याला पाडणं हीसुद्धा कमाईची वाट होते, आणि बक्षिसांतलं अंतर जितकं मोठं तितकी ती वाट सोपी वाटते. मोठमोठ्या कंपन्यांनीही हा बोर्ड लावून बघितलाय. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रमुख जॅक वेल्श यांच्या काळात वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० अशी कर्मचाऱ्यांची वाटणी होती. मायक्रोसॉफ्टने त्यांच्याकडची अशीच पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद केली.

बोर्ड काढू नका. कोराच बोर्ड दिसला की पोरांना वाटतं काहीतरी लपवताय. आमच्या बोर्डवर आता नावांचा क्रम हजेरीचा आहे, आणि प्रत्येकासमोर दोन आकडे: मागच्या वर्षीचा हा महिना, यंदाचा. खाली शोरूमचा एकूण. लाल पेन मी घरी नेलं.

सहल काढून बघितली आहे, उपयोग नाही

मालकांच्या हौसेने आम्ही एकदा गणपतीपुळ्याला गेलो. जाताना दोन गाड्या, येतानाही दोन गाड्या, फक्त येताना कोण कुठल्या गाडीत बसणार यावरून आंबा घाटात अर्धा तास थांबलो. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेऊन हे बघितलं होतं. दोन गट पाडून चुरस लावली तर ती एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेली. मग एकत्र जेवू घातलं, सिनेमा दाखवला, तर जेवताना अन्नफेक. निवळलं ते कधी, तर पाण्याची टाकी बंद पडली आणि बंद पडलेला ट्रक दोरी लावून सगळ्यांना मिळून ओढायला लागला तेव्हा.

हे वाचल्यावर मला दसरा आठवला. आमच्याकडे दसऱ्याच्या दिवशी मुहूर्ताला पाऊणशे-ऐंशी गाड्या निघतात. सकाळी सहापासून हार, नारळ, लिंबं, नंबर प्लेट, चावी, फोटो. वर्षभर एकमेकांचे नंबर चुकवून लिहिणारी पोरं त्या दिवशी एकमेकांच्या गाड्या पुसतात, एकाचं गिऱ्हाईक खोळंबलं तर दुसरा पेढा देऊन बसवतो. बरीच वर्षं मला वाटायचं, सणाचा उत्साह. आता वाटतं, शेरीफ यांचा ट्रक तिथे आहेच, पण त्याहून साधं कारण असं की दसऱ्याला गाडी कुणाच्या नावावर लागणार हे आठ दिवस आधी बुकिंगलाच ठरलेलं असतं. पैशाचा वाद मिटलेला, फक्त काम उरलेलं. म्हणून मी सहलीचे पैसे मागत नाही, दसऱ्यासारखे दिवस वर्षात किती करता येतील ते बघतो. दर रविवारी एका मोठ्या गावात बाजाराच्या दिवशी स्टॉल लावतो. तिथली सगळी विक्री टीमच्या नावावर, हजर असलेल्यांत समान. तिथे भांडण झाल्याचं आठवत नाही.

एवढं करूनही एकच नाव परत परत येत असेल

तर मग स्वभाव. पण या पायरीवर शेवटी या, पहिल्यांदा नाही. आमच्याकडे नियमांच्या आधी चार ‘वाईट’ पोरं होती, नंतर एक उरला. त्याच्याशी मीटिंगमध्ये बोलू नका. सगळ्यांसमोर बोललात की तो ऐकणारच नाही, प्रेक्षकांसाठी उत्तर देईल. एकट्याला घ्या, तारीख आणि गिऱ्हाईक सांगा, पुरावा समोर ठेवा. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर चुकवून लिहिला तर बोर्डवरचे पुढचे दोन नंबर जातात, तिथेच, वाद नाही. गिऱ्हाइकाशी सहकाऱ्याबद्दल खोटं बोलला तर लेखी समज, दुसऱ्यांदा झालं तर त्या महिन्याचं इन्सेंटिव्ह नाही. आणि हे जास्त गाड्या विकणाऱ्यालाही लागू. मालक इथेच कच खातात, ‘अहो, पण तो वीस विकतो.’ वीस विकणाऱ्यामुळे मागच्या दोन वर्षांत किती पोरं सोडून गेली, त्यांना शिकवायला किती महिने गेले, हे मांडून ठेवा. आमचा तो एकजण शेवटी दुसऱ्या एजन्सीत गेला. दोन महिने गाड्या कमी झाल्या.

अजून न सुटलेलं

पाव्हणे. तालुक्याच्या गावात दारातून येणारा प्रत्येक माणूस कुणाचा ना कुणाचा नातेवाईक असतो. नंबर एकाचा, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या मावशीच्या सासरचं. नंबराने दिलं तर पाव्हणा रुसतो, पाव्हण्याला दिलं तर नंबराला अर्थ राहत नाही. सध्या असं ठेवलंय की ज्याचा पाव्हणा त्याचा, पण महिन्याला दोनच, तिसऱ्यापासून नंबर. तेही सख्खे असावेत असं आधी म्हटलं होतं. पण पहिल्याच महिन्यात एकाचे चार सख्खे मामा निघाले, तेव्हापासून सख्खे-चुलत बघणं बंद केलंय.